शेवटच्या नळापर्यंत

गच्चीवर गेलो की मी आधी सोलरच्या काचेच्या नळ्यांचं खालचं टोक बघतो. नळीच्या बंद टोकाशी चांदीसारखा चकचकीत पट्टा असतो. नळीला काचेचे दोन थर असतात, मधली पोकळी निर्वात असते, आणि ती पोकळी शाबूत आहे की नाही हे तो बेरियमचा मुलामा सांगतो. हवा शिरली की पट्टा पांढरट, दुधाळ होतो. मग ऊन कितीही कडक असो, आत आलेली उष्णता आत राहत नाही. हाताने तपासायचं असेल तर भर दुपारी नळीवर तळवा ठेवावा. चांगली नळी बाहेरून गार लागते, गेलेली नळी गरम. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना हे उलटं वाटतं. ‘गरम लागतेय म्हणजे चालू असेल ना?’ असं विचारतात. बाहेर जाणवणारी उष्णता म्हणजे पाण्यापर्यंत न पोहोचलेली उष्णता, हे त्यांना हात लावूनच कळतं.

आयटीआयमध्ये प्लंबिंगचा ट्रेड केला, तेव्हापासून पुणे आणि आसपासच्या तालुक्यांत गरम पाण्याची कामं करतो आहे. सोलर बसवणं, बंद पडलेली सोलर चालू करणं, गिझर बदलणं आणि अलीकडे हीट पंप. या कामात लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती लिटरचा बसवू? माझाही पहिला प्रश्न आता ठरलेला आहे: घरात सगळ्यात शेवटी अंघोळ कोण करतं, आणि किती वाजता? बैठकीच्या खोलीत बसलेले गृहस्थ म्हणतात, ‘तसं काही ठरलेलं नाही.’ तेवढ्यात स्वयंपाकघरातून उत्तर येतं, ‘मीच करते. सगळे गेल्यावर.’ माझं मोजमाप तिथून सुरू होतं. टाकीत किती पाणी तापलं यावर यंत्रणा चांगली की वाईट हे ठरत नाही. शेवटच्या नळाला, शेवटच्या माणसाला ते किती गरम मिळालं, आणि तिथवर आणताना किती वाया गेलं, हे बघावं लागतं. वीज वाचवायची म्हणून लोक यंत्र बदलतात आणि मधला रस्ता तसाच ठेवतात. वाचवण्यासारखं बरंच काही त्या रस्त्यावर असतं.

पुण्यातल्या सोसायट्यांच्या गच्च्यांवर सोलर काही कमी नाहीत. २०१० मध्ये राष्ट्रीय सौर मिशन सुरू झालं, घरगुती सोलरलाही केंद्राचं अनुदान मिळू लागलं, आणि २०१४ मध्ये ते थांबलं. बांधकामाच्या नियमांत सौर यंत्रणेची अट होती, महापालिका मिळकतकरात ५ ते १० टक्के सवलत देत होती. या सगळ्यातून गच्च्या भरल्या, हे चांगलंच झालं. पण इमारतीला सोलर लागली आणि तिला धनी मिळाला नाही, असं फार ठिकाणी बघितलं. लिफ्ट बंद पडली तर तासाभरात फोन जातो. सोलर बंद पडली तर प्रत्येक घर आपापला गिझर लावतं, आणि वर्षभर कुणाच्या लक्षातही येत नाही.

अशा बंद यंत्रणा मी उघडतो तेव्हा दोष बहुतेक वेळा किरकोळ निघतो. वाघोली, उंड्री, पिसोळी या भागांत बोअरचं आणि टँकरचं पाणी येतं. जड पाणी तापलं की क्षार खाली बसतात. जुन्या सपाट पेटीच्या सोलरमध्ये तांब्याच्या बारीक नळ्या असतात, त्या क्षारांनी आतून अशा बुजतात की त्यांत तारही जात नाही. काचेच्या नळ्या रुंद असल्यामुळे जास्त तग धरतात, पण त्यांच्याही तळाला पांढरा चुना साठतोच. टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी असते. टाकीचा पत्रा गंजू नये म्हणून ती स्वतः झिजते, आणि झिजून संपली की बदलायची असते. ही कांडी आहे हेच बहुतेक घरांना ठाऊक नसतं. टाकीवर हवेसाठी एक उभा पाइप असतो, त्यात गांधीलमाश्या घर करतात. तो बुजला आणि खालून पाणी ओढलं गेलं की टाकी आतल्या बाजूला दबते. पत्र्याला असा खळगा पडलेला बघून लोकांना वाटतं, कुणीतरी वरून काही टाकलं. आणि एक नेहमीचा प्रकार: भर दुपारी नळ्या कोरड्या तापलेल्या असताना कुणीतरी गार पाण्याची चावी उघडतं, आणि काच तडकते. पाणी भरायचं ते सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर, एवढं गच्चीच्या दारावर लिहून ठेवलं तरी नळ्या वाचतात.

कोथरूडच्या एका सात मजली सोसायटीने मला बोलावलं तेव्हा समितीचं ठरलं होतं की यंत्रणा जुनी झाली, सगळ्या नळ्या आणि टाक्या नव्या घ्यायच्या. मी गच्चीवर जाऊन तापमान बघितलं. टाकीतलं पाणी हात भाजेल असं होतं. मग सगळ्यात खालच्या मजल्यावर गेलो. तिथल्या काकू म्हणाल्या, ‘सोलर आहे हो, पण ती वरच्यांची. आमच्यापर्यंत येईस्तोवर निम्मी बादली भरते, ती बाजूला ठेवायची, मग दुसरी लावायची. त्यापेक्षा गिझर बरा.’

त्यांचं गाऱ्हाणं आकड्यांत मांडता येतं. पाऊण इंची पाइपच्या एका मीटरमध्ये साधारण पाव लिटर पाणी मावतं, सव्वा इंचीमध्ये अर्ध्या लिटरहून जास्त. सात मजले म्हणजे वीस-बावीस मीटरचा उतार. रात्रभर त्या पाइपमध्ये जे पाणी उभं असतं ते डिसेंबरच्या थंडीत पार गार झालेलं असतं, कारण पाइप उघडा, भिंतीच्या बाहेरून, वाऱ्यात. सकाळी पहिल्यांदा नळ सोडणाऱ्याला आधी ते सगळं गार पाणी ओढून काढावं लागतं. सातव्या मजल्यावरचा माणूस पाच वाजता नळ सोडतो, त्याला लगेच गरम मिळतं. पहिल्या मजल्यावर निम्मी बादली भरते तेव्हा कुठे ऊब येते. काकूंच्या घराने सोलरचा देखभाल खर्चही भरला, गिझरची वीजही भरली आणि पाणीही सांडलं.

समितीला नव्या नळ्या हव्या होत्या. मी त्यांना सांगितलं की टाकीला हात लावू नका, पाइपकडे बघा. तळापासून टाकीपर्यंत परतीचा एक पाइप टाकला, त्यावर छोटा पंप बसवला, आणि उतरणाऱ्या पाइपला नायट्राइल फोमचं जाड वेष्टण केलं. पंप पहाटे सुरू होतो, पाइपमधलं गार पाणी टाकीत परत जातं आणि त्याच्या जागी गरम उतरतं. इथे एक पथ्य फार कसोशीने पाळावं लागतं. पंप दिवसभर चालू ठेवला तर पाइपच रेडिएटर होतो आणि टाकीतली सगळी उष्णता वाऱ्यावर जाते. म्हणून त्याला वेळेचं बटण हवं, आणि पाइपचं तापमान बघून थांबणारी कळही हवी. सकाळचे थोडे तास, बस्स. दोन तांबे पाणी सोडलं की आता काकूंच्या नळाला गरम येतं. नव्या नळ्यांच्या खर्चाच्या मानाने हे काम स्वस्तात झालं, पण मला त्याचा आनंद वेगळ्या कारणासाठी आहे. त्या मजल्यावरच्या लोकांनी सोलर आपली मानली. वर्षाकाठी नळ्या धुवायला आता खालच्याच मजल्यावरची दोन मुलं गच्चीवर येतात.

ज्यांच्या सोलरमध्ये मदतीला विजेचा हीटर आहे त्यांच्याकडे मी दुसरी एक गोष्ट हटकून बघतो. पावसाळ्यासाठी तो हीटर असतो, पण बारा महिने चालू राहतो. सकाळी अंघोळी झाल्या की टाकीत गार पाणी भरतं आणि हीटर ते लगेच तापवतो. दहा वाजता ऊन येतं तेव्हा तापवायला काही उरलेलंच नसतं. सूर्य वर आणि मीटर खाली, दोघंही चालू. हीटरला पहाटेचं टायमर लावणं आणि दिवाळी ते जून तो बंद ठेवणं, या एवढ्या बदलाने बिल उतरलेलं मी पुष्कळ घरांत बघितलं आहे.

दिवाळीचं निघालं म्हणून सांगतो. नरकचतुर्दशीच्या पहाटे माझा फोन हमखास वाजतो. पाऊस सरलेला असतो, आकाश निवळलेलं असतं, टाक्या छान तापलेल्या असतात. पण सगळ्या घरांना अभ्यंगस्नान एकाच तासात हवं असतं आणि उटणं धुवायला पाणी जास्त लागतं. त्या दिवसासाठी मोठी टाकी घेऊ नका, असं मी आवर्जून सांगतो. आदल्या संध्याकाळी गरम पाणी वापरू नका, पाळ्या लावा, सणाचा एक दिवस निभतो. मोठी टाकी घेतली तर उरलेलं वर्षभर तुम्ही नको तेवढं पाणी तापवत बसता.

शहराबाहेरची कामं मला जास्त शिकवून गेली. जुन्नरच्या बाजूला एका शेतकरी घरात सोलर बसवायला गेलो होतो. पडवीत तांब्याचा बंब, आमच्या पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत घडवतात तसा, मधून धुरांड्याची नळी, खाली जाळी. जळण म्हणजे तुराट्या, बाभळीच्या फांद्या, पावसाळ्यात गोवऱ्या. बंबाबद्दल मला आदर आहे. आगीच्या नळीभोवती चहूबाजूंनी पाणी ठेवणं ही अगदी नेमकी रचना आहे, उघड्या चुलीवरच्या हंड्यापेक्षा कितीतरी कमी जळणात पाणी तापतं. पण तो पेटवायला कुणीतरी उठावं लागतं. त्या घरात मावशी पावणेपाचला उठत. बंब पेटवायचा, घरधन्याची अंघोळ, मग मुलगा, मग शाळेत जाणारी नातवंडं. प्रत्येकाने पाणी काढलं की वरून गार पाणी ओतायचं आणि जाळ सारायचा. सून आठाला, आणि मावशींची पाळी येईपर्यंत जाळ विझलेला, पाणी कोमट. ‘माझं काय, मला सवय आहे,’ असं त्या म्हणाल्या. हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलं आहे की आता ते मला यंत्रणेतला दोष म्हणून नोंदवावंसं वाटतं.

तिथे काम सोपं नव्हतं. घराला पत्रे, वर पाण्याची टाकी नाही. सोलरमध्ये पाणी आपसूक फिरतं: नळीतलं तापलेलं पाणी हलकं होऊन वर टाकीत जातं, गार पाणी खाली नळीत उतरतं, पंप लागत नाही. पण गार पाण्याची टाकी सोलरच्या टाकीपेक्षा उंच असावीच लागते. म्हणून अंगणात लोखंडी घोडा उभारला, त्यावर दोन्ही टाक्या चढवल्या. दिशा दक्षिण. पुण्याचा अक्षांश साडेअठरा अंश, म्हणून डिसेंबरात दुपारी सूर्य जेमतेम ४८ अंशांवर असतो, आणि गरम पाण्याची खरी गरज तेव्हाच असते. नळ्या अंमळ उभ्या, तीस अंशांच्या पुढे ठेवल्या की हिवाळ्याचं तिरपं ऊन पुरेपूर मिळतं आणि उन्हाळ्यात पाणी नको तितकं उकळत नाही. आंब्याची सावली दुपारनंतर कुठे जाईल ते शेतकऱ्याने मला जमिनीवर काठीने आखून दाखवलं. कुठल्याही मोबाइल ॲपपेक्षा ती रेघ बरोबर होती.

काही महिन्यांनी त्या बाजूला पुन्हा गेलो तेव्हा मावशींनी अंघोळीचं फारसं काही सांगितलं नाही. त्या सांगत होत्या भांड्यांचं. दुपारच्या जेवणानंतर तेलकट कढया आणि दुधाची पातेली गरम पाण्याने घासता येतात, थंडीत बोटं आखडत नाहीत. बाळंतपणाला आलेल्या लेकीला आणि तान्ह्याला दिवसातून केव्हाही पाणी मिळालं, त्यासाठी जाळ घालावा लागला नाही. आम्ही लोक सोलरची जाहिरात नेहमी अंघोळ आणि विजेचं बिल यांवर करतो. ज्या घरात गिझरच नव्हता तिथे बिलात काहीच वाचत नाही. तिथे वाचतं जळण, धूर आणि एका बाईची पहाट. हिशेबाच्या कागदावर यासाठी रकाना नसतो, म्हणून मी तो हाताने आखतो.

शहरातला हिशेब विजेचा. एक युनिट वीज म्हणजे ८६० किलोकॅलरी उष्णता. वीस लिटरची बादली २० अंशांवरून ४२ अंशांवर न्यायला ४४० लागतात, म्हणजे साधारण अर्धं युनिट. गिझर कुठलाही घ्या, हा आकडा बदलत नाही. आत हीटरची कांडी आहे तोवर एका युनिटमधून एका युनिटइतकीच उष्णता निघणार. मग गिझरवरचे तारे कशाचे? ते मुख्यतः टाकी किती ऊब धरून ठेवते त्याचे. म्हणून पाच ताऱ्यांचा गिझर दिवसभर चालू ठेवला तर तारे वाया जातात. पंधरा लिटरचा, दोन किलोवॅटचा गिझर हिवाळ्यातही वीस-पंचवीस मिनिटांत साठ अंशांपर्यंत जातो. तेवढा वेळ आधी लावा, मग बंद करा. महिन्याचा वापर तीनशे युनिटच्या आत राहिला की पुढच्या महाग टप्प्याचा दर टळतो, आणि हिवाळ्यात ही रेघ ओलांडायला लावतो तो बहुतेक वेळा गिझरच. मला आणखी एक गोष्ट खुपते. चंद्रपूर-कोराडीच्या वीजकेंद्रांत कोळसा जळतो, त्याच्या उष्णतेचा साधारण तिसरा हिस्सा विजेत उतरतो, आणि तारांवरून आलेल्या त्या विजेची आपण पुन्हा उष्णताच करतो. पंखा आणि दिवा यांना वीज लागतेच. पाणी कोमट करायला एवढी मौल्यवान गोष्ट का जाळावी, असं मला मनापासून वाटतं.

गॅस गिझरबद्दल एकच सांगतो: बंद न्हाणीघरात तो मी बसवत नाही, कितीही आग्रह झाला तरी. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि माणूस कळायच्या आत कोसळतो. बाहेर उघड्या गॅलरीत जागा असेल तरच.

गेल्या काही वर्षांत माझं निम्मं काम हीट पंपाचं झालं आहे. हा फ्रीजच उलटा वापरल्यासारखा आहे. फ्रीज आतली उष्णता काढून मागच्या जाळीतून बाहेर टाकतो. हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून टाकीतल्या पाण्यात टाकतो. वीज लागते ती फक्त उष्णता इकडून तिकडे नेण्यासाठी, म्हणून एका युनिटमागे आपल्या हवेत साधारण तीन युनिटांची उष्णता मिळते. दोनशे लिटर पाणी ३५ अंशांनी तापवायला गिझरला आठ युनिटं लागतील, हीट पंपाला पावणेतीनच्या आसपास. पण तो सावकाश काम करतो. एका किलोवॅटचा पंप हे पाणी पावणेतीन तासांत तापवतो. बटण दाबून दहा मिनिटांत पाणी मागणाऱ्या घराला तो आवडत नाही. तो गार हवा बाहेर सोडतो, घरघरतो, त्याला मोकळी हवा लागते. एका फ्लॅटमध्ये तो कोंदट ड्राय बाल्कनीत बसवलेला होता. स्वतःच सोडलेली गार हवा तो पुन्हा ओढत होता आणि वीज खात होता. मी तो उचलून मागच्या उघड्या जागेत नेला, बाकी काही केलं नाही.

हीट पंपाचा विषय आता गच्चीशी जोडला गेला आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली, तीन किलोवॅटच्या घरगुती वीज पॅनेलला ७८,००० रुपये अनुदान मिळू लागलं, आणि लोक मला विचारू लागले की पाण्याची सोलर काढून तिथे विजेची लावू का. माझं उत्तर घराघरानुसार बदलतं. पाण्याची सोलर उन्हातली निम्मी-अधिक उष्णता पाण्यात उतरवते, विजेचं पॅनेल ऊन पडतं त्याच्या साधारण पाचव्या हिश्शाची वीज करतं. त्या विजेवर गिझर चालवला तर गच्ची फुकट घालवल्यासारखी आहे. पण त्याच विजेवर हीट पंप चालवला तर पाचवा हिस्सा तिपटीने वाढतो आणि दोन्ही हिशेब बरोबरीला येतात. शिवाय अंघोळी नसतील त्या दिवशीची वीज ग्रिडला जाते, उन्हाळ्यात पाणी उकळत पडून राहत नाही, जड पाण्याचा त्रास गच्चीवरच्या नळ्यांना होत नाही. म्हणून जुनी सोलर खरोखर मोडलीच असेल, तर पॅनेल आणि हीट पंप. चालती असेल तर ती काढायला माझा ठाम विरोध असतो. पाच-सहा नळ्या बदलून चालणारी वस्तू भंगारात देण्याला मी बचत म्हणू शकत नाही.

या दोन्हींत पाइपचा प्रश्न मात्र तसाच राहतो. सध्या माझ्यापुढे एका पुनर्विकासाच्या इमारतीचे आराखडे आहेत. वास्तुविशारद बाई समजूतदार आहेत. पहिल्या आराखड्यात न्हाणीघर एका टोकाला, स्वयंपाकघर दुसऱ्या टोकाला, आणि हीट पंपाची जागा ड्राय बाल्कनीच्या कोपऱ्यात. गरम पाण्याचा पाइप अकरा मीटर जात होता, म्हणजे सकाळी प्रत्येक वेळी तीन लिटर गार पाणी सोडायचं. मी कागदावर तेवढं गणित मांडलं. त्यांनी दोन्ही न्हाणीघरं पाठीला पाठ लावून डक्टजवळ आणली, आता पाइप चार मीटरचा आहे, आणि फोमचं वेष्टण निविदेत लिहिलं गेलं आहे. खालच्या तीन मजल्यांना सामायिक टाकीतून पाणी येणार आहे. त्यांच्यासाठी परतीचा पाइप टाकायचा तर डक्ट आणखी सहा इंच रुंद हवा. विकासकाला ते सहा इंच खोलीतून द्यायचे नाहीत. पुढच्या बैठकीला मी जाणार आहे, आणि खालच्या तिन्ही मजल्यांवर राहायला येणाऱ्या घरांतल्या बायकांनाही यायला सांगितलं आहे.